घसारा घेतलाच नाही, मग कर कशाचा?

पत्र थोडक्यात

बेळगावच्या उद्यमबागेत जॉबवर्कचं वर्कशॉप चालवणाऱ्या ६१ वर्षांच्या एका वाचकाचं हे पत्र. १९९६ साली त्यांनी आणि धाकट्या भावानं मिळून १ लाख २० हजारांना प्लॉट घेतला. तो आजही दोघांच्या नावावर आहे. २००३ साली वाचकांनी स्वतःच्या पैशानं, ४ लाखांत, त्यावर शेड बांधली. भाऊ नोकरीसाठी गोव्याला गेला, तिथंच स्थिरावला. यंत्रं सगळी वाचकांची: तीन जुने लेथ, एक ड्रिलिंग, एक शेपर आणि ऑगस्ट २०१७ मध्ये १८ लाखांना घेतलेलं सीएनसी, म्हणजे संगणकानं चालणारं यंत्र. दोन्ही मुलं पुण्यात, धंदा पुढे चालवणारं कोणी नाही. शेजारचा फौंड्रीवाला सगळं मिळून ८० लाख द्यायला तयार आहे, पण खरेदीपत्र ५५ लाखांचं करू आणि उरलेले २५ रोख देतो म्हणतो. वाचक लिहितात: "गेली काही वर्षं मी आयकर कायद्याच्या ४४एडी कलमाखाली ठोक टक्क्यानं रिटर्न भरतो, घसारा कधी दाखवलाच नाही. म्हणजे १८ लाखांचं मशीन साडेआठ लाखांना विकलं तर तोटाच ना? मग कर कशाचा? कोल्हापूरचे मेहुणे म्हणतात, इंडेक्सेशन लाव, बाँड घे, काही भरावं लागत नाही. भाऊ म्हणतो, कर तुझा तू बघ, मला अर्धे दे. रोखीचे पैसे मुलीच्या पुण्याच्या फ्लॅटला उपयोगी पडतील. आणि पहिला लेथ विकायला हात होत नाही. तो ठेवला तर हिशोब बिघडतो का?"

उत्तर

दादा, नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही प्लॉटच्या १९९६च्या पावतीचा फोटो पाठवलात. कोपऱ्यावर कटिंग ऑइलचा डाग, घडीवर फाटलेली, पण आकडा आणि सही स्वच्छ वाचता येते. ती पावती तुम्ही इतकी वर्षं जपलीत, यातच तुमचं अर्धं काम झालं आहे. माझ्या वडिलांनी खानापुरातली पिठाची गिरणी विकली तेव्हा चक्कीची पावती नव्हती, मोटरची नव्हती आणि खोली कधी बांधली याचा कागदही नव्हता. कुणीतरी सांगितलं, "सगळं जमिनीच्या नावानं लिहा, कोण विचारतंय." विचारणारा तिसऱ्या वर्षी नोटीस घेऊन आला. तेव्हापासून मी जो भेटेल त्याला आधी पावत्या विचारते, किंमत मागाहून.

आधी घसाऱ्याचं, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी दरवर्षी उत्पन्नातून मिळणाऱ्या वजावटीचं बोलू, कारण तुमचा सगळा हिशोब तिथंच अडकला आहे.

घसारा दाखवला नाही म्हणजे घेतला नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. कायदा तसं धरत नाही. ४४एडीखाली ठोक टक्क्यानं उत्पन्न दाखवलं की त्या टक्क्यात सगळे खर्च आले, घसाराही आला, असं मानतात. यंत्रांची पुस्तकी किंमत दरवर्षी घसारा घेतल्यासारखीच खाली येते. त्याआधी तुम्ही वह्या ठेवत होतात त्या वर्षांनाही हेच लागू. २००२-०३ या आकारणी वर्षापासून घसारा मागा वा न मागा, तो दिला गेला असंच धरलं जातं.

आता तुमचं सीएनसी घ्या. यंत्रांना घसारा १५ टक्के, तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. १८ लाखांवर पहिल्या वर्षी २ लाख ७० हजार, दुसऱ्या वर्षी १५ लाख ३० हजारांवर १५ टक्के, असं करत मार्च २०२५पर्यंत आठ वर्षं झाली. कागदावर उरले सुमारे ४ लाख ९० हजार. नव्या मशीनवर मिळणारा जादा घसारा पहिल्या वर्षी घेतला असेल तर याहूनही कमी. म्हणजे साडेआठ लाखांना मशीन गेलं तर कायद्याच्या वहीत १८मधून साडेनऊ लाखांचा तोटा झालेला नसतो. ४ लाख ९० हजारांवर ३ लाख ६० हजार जास्त मिळालेले असतात.

हा अन्याय वाटतो, हे मला समजतं. तरी एकदा उलट बाजूनं पाहा. मशीन झिजतं म्हणून दरवर्षी तुमच्या उत्पन्नातून काही रक्कम वजा धरली, तेवढ्यावर कर लागला नाही. विकताना कळलं की मशीन कागदावर झिजलं तेवढं प्रत्यक्षात झिजलं नव्हतं. तुम्ही तेलपाणी वेळेवर केलं, स्पिंडल नीट राखला, म्हणून ते जास्त टिकलं. जेवढी झीज झालीच नाही, तेवढी वजावट परत हिशोबात येते. तो कर माफ झालेला नव्हता, पुढे ढकललेला होता. तुमची विक्री मी याच नजरेनं बघणार आहे.

एक बारकावा आहे. आपल्याकडे यंत्रांचा हिशोब एकेकट्यानं होत नाही, गटानं होतो. एकाच दराचा घसारा असलेली सगळी यंत्रं एका टोपलीत. तुमच्या टोपलीत सीएनसीचे ४ लाख ९० हजार आणि बाकीच्यांचे, तुम्ही कळवलेल्या जुन्या वह्यांवरून, साधारण १ लाख ३० हजार. एकूण ६ लाख २० हजार. वर्षभरात विकलेल्या यंत्रांचे पैसे या टोपलीतून वजा होतात, नवीन घेतलेल्यांची किंमत मिळवली जाते. ३१ मार्चला टोपलीत शिल्लक असेल तर त्या वर्षी कर नाही, पुढचा घसारा फक्त कमी मिळतो. विक्री टोपलीपेक्षा जास्त झाली तर वरची रक्कम अल्पकालीन भांडवली नफा, मशीन तुमच्याकडे वीस वर्षं असलं तरी. १९६१च्या कायद्यातलं हे कलम ५०. (१ एप्रिल २०२६पासून नवा, २०२५चा आयकर कायदा लागू होतो. कलमांचे आकडे बदलतात, या नियमांचा गाभा तोच राहतो. मी जुने आकडे लिहिते, कारण सीएच्या तोंडी अजून तेच आहेत.) तुमची यंत्रं १२ लाखांना गेली तर नफा ५ लाख ८० हजार, आणि तो तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात मिळून स्लॅबनं कर लागेल.

शेडचंही असंच. ४ लाखांच्या बांधकामावर दरवर्षी १० टक्के घसारा धरला तर बावीस वर्षांनी जेमतेम ४० हजार उरतात. शेडला ६ लाख आले तर ५ लाख ६० हजार नफा, हाही अल्पकालीन, हाही स्लॅबनं.

जमीन मात्र झिजत नाही, तिला घसारा नाही. म्हणून तिचा नफा दीर्घकालीन आणि दर १२.५ टक्के.

इथंच "सगळं मिळून ८० लाख" या शब्दांची मला भीती वाटते. एकाच आकड्यात तीन वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत आणि प्रत्येकीचा कर वेगळा. हे तुम्ही लिहून ठेवलं नाही तर पुढे दुसरंच कोणी तरी वाटणी करील. आणि एक लक्षात ठेवा, या वाटणीत तुमचं आणि गिऱ्हाइकाचं हित एका दिशेला नाही. त्याला यंत्रांची किंमत जास्त हवी असणार, कारण त्यावर त्याला घसारा मिळेल, जीएसटीचं क्रेडिट मिळेल. जमिनीवर त्याला काहीच मिळत नाही. तुम्हाला उलट, जमिनीत जास्त दिसलं तर कर कमी. म्हणून दोघांनी खऱ्या किमतीवर या. यंत्रांचं आणि शेडचं मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांकनकर्त्याकडून करून घ्या आणि तोच आकडा करारात घाला. समजा जमीन ६२, शेड ६, यंत्रं १२. जमीन-शेडचं खरेदीपत्र ६८ लाखांचं, यंत्रांचं बिल वेगळं, जीएसटी लावून. सीएनसी जीएसटी आल्यानंतर घेतलं, त्याचं क्रेडिटही तुम्ही घेतलं असेल, त्यामुळे बिलाशिवाय ते शेडबाहेर काढू नका. (चालू धंदा एकगठ्ठा विकायची वेगळी वाट कायद्यात आहे. पण तुमच्या प्लॉटचा अर्धा मालक धंद्यात नाही, त्यामुळे ती तुमच्यासाठी नव्हे.)

आता मेहुण्यांचं इंडेक्सेशन, म्हणजे महागाईच्या सरकारी निर्देशांकानं जुनी खरेदी किंमत वाढवून धरणं. ते पूर्ण चुकीचं सांगत नाहीत. २३ जुलै २०२४च्या आधी घेतलेल्या जमिनीला किंवा इमारतीला व्यक्तीसाठी दोन वाटा आहेत: इंडेक्सेशन न लावता १२.५ टक्के किंवा लावून २० टक्के, जो कर कमी येईल तो. पण गणित मांडल्याशिवाय निवडू नका. २००१च्या आधी घेतलेल्या जमिनीची १ एप्रिल २००१ची बाजारकिंमत धरता येते, मात्र त्या दिवशीच्या सरकारी दरापेक्षा जास्त नाही. तुमच्या प्लॉटला ती ४ लाख निघाली असं समजू, म्हणजे तुमच्या वाट्याला २ लाख. विक्रीतला तुमचा वाटा ३१ लाख. इंडेक्सेशनशिवाय नफा २९ लाख, कर ३ लाख ६२ हजार ५००. इंडेक्सेशन लावलं तर २०२५-२६च्या ३७६ निर्देशांकानं २ लाखांचे ७ लाख ५२ हजार होतात, नफा २३ लाख ४८ हजार, त्यावर २० टक्के म्हणजे ४ लाख ६९ हजार ६००. तुमच्यासारख्याला, ज्याची जमीन निर्देशांकापेक्षा कितीतरी वेगानं वाढली, साधी वाटच स्वस्त. दोन्हीवर ४ टक्के उपकर वेगळा.

२००१च्या किमतीसाठी मूल्यांकनकर्त्याचा अहवाल आणि त्या वेळच्या गाइडन्स व्हॅल्यूचा, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी दराचा, उतारा लागेल. मेहुणे त्याला रेडीरेकनर म्हणतील, आपल्याकडे उपनिबंधक कार्यालयात गाइडन्स व्हॅल्यू म्हणूनच मागा. कागद कन्नडमध्ये मिळेल. वाचून दाखवायला बाँड रायटर, म्हणजे दस्त लिहिणारे, आहेतच, पण आकडा स्वतः डोळ्यांनी पाहा. जुनी नोंद हाती यायला वेळ लागतो, म्हणून हे काम इसारा घेण्याआधी सुरू करा.

बाँडचं सांगते. ५४ईसी कलमाखाली आरईसी, पीएफसी यांसारख्या सरकारी कंपन्यांचे बाँड विक्रीपासून सहा महिन्यांत घ्यावे लागतात, कमाल ५० लाखांचे. पाच वर्षं पैसे अडकतात, त्यावर कर्जही काढता येत नाही आणि व्याज करपात्र असतं. प्लॉट दोघांच्या नावावर असल्यामुळे मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्र. तुमचे २९ लाख त्यात बसतात. पण यंत्रांच्या नफ्याला हे बाँड चालत नाहीत, ते फक्त जमीन आणि इमारतीसाठी. शेडचा नफा अल्पकालीन मानला जातो, तरी दीर्घकाळ ठेवलेल्या मालमत्तेला त्यामुळे सवलत नाकारता येत नाही, ही भूमिका २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं गोव्याच्या व्ही. एस. डेम्पो कंपनीच्या प्रकरणात मान्य केली. ते प्रकरण ५४ई या जुन्या कलमाखालचं होतं, तरी त्याच आधारावर शेडचा नफाही बाँडमध्ये घालण्याबद्दल सीएशी जरूर बोला. हे बाँड घ्यावेत का, याचं माझं मत असं: दर लाखामागे उपकरासह १३ हजार वाचतात, बाँडचं व्याज ठेवीपेक्षा कमी असलं तरी पाच वर्षांत एवढं नुकसान सहसा होत नाही. पण ६१व्या वर्षी औषधपाण्याला, अडीअडचणीला हाताशी किती हवेत ते आधी बाजूला काढा. सगळा कर वाचवायच्या नादात हातात रोकड उरली नाही, अशी माणसं मी पाहिली आहेत.

तारखेनंही फरक पडतो. तुमचं जॉबवर्कचं उत्पन्न ५ लाख म्हणता. यंत्रं ३१ मार्चच्या आत विकलीत तर या वर्षी ५ अधिक ५ लाख ८० हजार, म्हणजे १० लाख ८० हजार. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या दराच्या उत्पन्नाला २०२५-२६पासून जी सूट आहे, ती यंत्रांच्या या नफ्याला मिळू शकते, कारण त्याला खास दर नाही. प्लॉट आणि शेड एप्रिलनंतर. सगळं एकाच वर्षात केलंत तर ५, ५ लाख ८० हजार आणि ५ लाख ६० हजार मिळून १६ लाख ४० हजार होतात, आणि बाँड घेतले तरी नव्या प्रणालीत १ लाख २८ हजारांच्या घरात कर. मात्र तारीख खरी हवी: बिल त्या दिवसाचं, पैसे खात्यात आलेले, मशीन गाडीवर चढलेलं. आगाऊ कराचा हप्ताही विसरू नका.

आता त्या २५ लाखांबद्दल. तुम्ही हे लोभानं विचारत नाही आहात. सगळेच असं करतात, असं ऐकून विचारता आहात. तरी मनापासून सांगते, नको. तुमच्या प्लॉट-शेडची गाइडन्स व्हॅल्यू तुम्ही ६६ लाख लिहिली आहे. खरेदीपत्र ५५चं केलंत तर फरक १० टक्क्यांच्या सवलतीत बसत नाही, त्यामुळे कर तुम्हाला ६६वरच लागेल. करात जे वाचेल असं वाटतं, त्यातलं बरंचसं वाचतच नाही. मुद्रांक शुल्कसुद्धा साधारण गाइडन्स व्हॅल्यूवर बघतात. वर, स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतले तर घेतले तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. फौंड्रीवाल्याचं त्यात फारसं जात नाही. आणि मुलीचा फ्लॅट? पुण्यातला बिल्डर आणि बँक दोघंही पैसे खात्यातून मागणार. घरात कपाटात ठेवलेले २५ लाख त्या फ्लॅटपर्यंत पोचणारच नाहीत. त्यापेक्षा कर भरून उरलेल्यातून मुलीला चेकनं द्या. वडिलांनी मुलीला दिलेल्या रकमेवर तिला कर नाही, एक साधं बक्षीस-पत्रक पुरे. घर घेऊन सवलत मिळवायचं ५४एफ कलमही आहे, पण घर मुलीच्या नावावर घेतलं तर वाद होतो, तो ओढवून घेऊ नका.

आणखी एक, खरेदी ५० लाखांच्या वर असल्यानं घेणारा १ टक्का कापून सरकारात भरेल. ६८ लाखांवर ६८ हजार, दोघांच्या पॅनवर विभागून. हा जादा कर नाही, तुमच्या करातून वजा होतो. कापल्याचं पत्रक मागून घ्या.

भावाचं म्हणणं तुम्हाला लागलेलं दिसतं. पण जरा थांबून बघा, "कर तुझा तू बघ" असं कायदाच होऊ देत नाही. जमिनीच्या अर्ध्या नफ्याचं रिटर्न त्याचं, त्याच्या पॅनवर, हवे तर बाँड त्याच्या नावानं. अर्धे म्हणजे ४० लाख असं त्याच्या मनात असेल, तर तेही स्पष्ट व्हायला हवं. शेड आणि यंत्रं तुमच्या वह्यांत आहेत, त्यांचा करही तुमच्या माथ्यावर येतो. त्यातून त्याला काही द्यायचं ठरवलंत तर ती तुमची माया, वाटणी नव्हे, आणि तो कर कापूनच द्या. फोनवर बोलू नका, आवाज चढतात. आकडे एका कागदावर मांडून पणजीला जा किंवा त्याला एक दिवस बोलवा. दोन्ही जावा समोर असल्या तर बरंच.

शेतजमीन विकणारे वाचकही मला विचारतात, म्हणून थोडक्यात. खऱ्या अर्थानं ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. पण ग्रामीण हे गावाच्या नावावर ठरत नाही, अंतरावर ठरतं. १ ते १० लाख लोकसंख्येच्या शहरापासून, म्हणजे बेळगावच्या पालिका हद्दीपासून, ६ किलोमीटर. निपाणीसारख्या १० हजार ते १ लाखांच्या गावापासून २ किलोमीटर. तेही हवेतून सरळ रेषेत. येळ्ळूरच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या मीटरनं मोजलेलं चालत नाही. हद्दीच्या आत असाल आणि दोन वर्षं स्वतः किंवा आईवडिलांनी जमीन कसली असेल, तर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेऊन सवलत मिळते. उतारा म्हणजे आरटीसीवर पिकाची नोंद आहे का, ते आजच पाहून ठेवा.

शेवटी तुमचा पहिला लेथ. विकायला हात होत नाही, हे वाक्य तुम्ही अगदी शेवटी, बारीक अक्षरात लिहिलंत. तो ठेवलात तर हिशोब बिघडत नाही. बाकीची यंत्रं टोपलीपेक्षा जास्त किमतीला जात आहेत, त्यामुळे लेथ उरला तरी नफा तोच ५ लाख ८० हजार. ज्यांना यंत्रांत तोटा आहे त्यांनी मात्र सांभाळून, एक जरी यंत्र मागे राहिलं तर तोटा दाखवता येत नाही. तुमचं तसं नाही. करारातल्या यंत्रांच्या यादीतून तो आधीच वगळा आणि १२ लाखांत त्याची किंमत धरलेली नाही ना, ते गिऱ्हाइकाशी बोलून घ्या. घराच्या मागच्या पडवीत त्याला जागा होते का, ते मोजून बघा. फौंडेशनचे बोल्ट काढायला मात्र जुना माणूस बोलवा, बेड वाकडा होईल.